घोटीच्या बाजारातला फोटो

१५ जुलै २००८, मंगळवार

संताप! संताप! अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

काल घोटीच्या स्टँडवर लोकांनी एका बाईला बडवलं. मुलं पळवणारी म्हणून. आणि ओळखलं कशावरून? आमच्या फोटोवरून! आमच्या साप्ताहिकाच्या ऑर्कुटच्या पानावर आमच्या ऑफिसातल्या ललितने शनिवारी चढवलेला. बाजारात एक बाई रडत्या पोराला हाताला धरून ओढतेय. खाली ओळ — 'सावधान! मुलं पळवणारी टोळी घोटीत.' कुणीतरी मोबाइलवर काढून पाठवला, यानं टाकला. घोटीच्या सायबर कॅफेतून कुणी उतरवून घेतला, मग ब्लूटूथवरून गावभर.

टाकण्याआधी विचारलं कुणाला? पोलिसांना? त्या बाईला? कुणालाच नाही.

"शुभांगी, आपण छापलं कुठं? नुसतं टाकलं." — इति ललित.

छापलं नाही, टाकलं! मार खाणाऱ्या पाठीला यातला फरक कळतो का रे?

१६ जुलै

घोटीला जाऊन आले. बाई जवळच्याच खेड्यातली. नवसाबाई. पोरगा तिचा सख्खा नातू. बाजारात पिपाणी घेऊन दिली नाही म्हणून भोकाड पसरलं होतं, बस्स! एवढंच होतं त्या फोटोत.

एक डोळा सुजून मिटलाय. हाताला प्लास्टर. शेतात भाताची आवणी चाललीय आणि ही भिंतीला टेकून बसलेली. मी कुठून आले ते सांगितलं, तशी सून मैना अंगावरच आली. "अजून काय काढायचं ऱ्हायलंय आमचं?" नवसाबाईनेच तिला आवरलं.

"मी वरडत व्हते, माझा नातू हाय, माझा नातू हाय. कोनी आयकंना. पोरगं समदं बघत व्हतं. तवापासून दाराभाईर निघंना."



१७ जुलै

निवृत्तीकाकांसमोर बैठक. संपादक तेच, मालकही तेच. म्हणाले, "फोटो काढून टाकलाय. विषय संपला."

संपला? ज्यांनी पाहिला त्यांच्या डोक्यातून कोण काढणार? मी म्हटलं, जिथं फोटो होता तिथंच लिहायचं — आम्ही खातरजमा केली नाही, ही बाई निरपराध आहे, चूक आमची.

"असं लिहिलं तर लोक आपल्यावर विश्वास ठेवतील का?"

"ठेवला म्हणूनच तिला मारलं ना, काका!"

त्यावर ललितला सुचलं — "मग तिचा सुजलेला चेहराच टाकू. लोक तुटून पडतील बघायला!" पेपरवेट हातात आला होता माझ्या. खाली ठेवला. कसा ते माझं मला माहीत.

१८ जुलै

काकांनी स्वतः मजकूर लिहिला. 'चूक झाली असल्यास दिलगीर आहोत.'

असल्यास!! मी काट मारली, 'चूक आमची' लिहिलं.

१९ जुलै, शनिवार

पुन्हा घोटी. मजकूर नवसाबाईला वाचून दाखवला. हा शहाणपणा शनिवारी सुचायला हवा होता, मागच्या. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"तोंड नको माझं पुन्यांदा. पन नाव लिव. चोरटी नाय, नवसाबाई हाय म्हनावं."

नाव घातलं. गाव घातलं नाही. संध्याकाळी ऑर्कुटवर सगळ्यात वर टाकलं. येत्या अंकात पहिल्या पानावर. पण ब्लूटूथवर ज्यांनी फोटो घेतला ते ऑर्कुट कुठून बघणार? म्हणून छापील कागद काढलेत — उद्या स्टँडवर आणि कॅफेच्या दारावर स्वतः चिकटवणार. ललित येतो म्हणाला. खळ घेऊन ये म्हटलं, तोंड नको उघडू.

२० जुलै

ऑर्कुटवर आमच्या मजकुराखाली इंग्रजी अक्षरांत मराठी शेरे. 'बाई तुमची नातेवाईक का?' 'धूर आहे म्हणजे आग असणारच.' फोटोखाली वाहवा करणारे तेच, नावं पाठ झालीत! एकेकाला उत्तर दिलं. शिवी न देता. फार जड गेलं.

२३ जुलै

ऑफिसात एक माणूस आला. भिकन. घोटी स्टँडवर केळी विकतो. आमचा कागद तिथेच वाचला म्हणे. उभाच राहिला, बसेना.

"पहिली थोबाडीत माझी व्हती, ताई. तिच्या पाया पडायचंय. पत्ता द्या."

ललितने लगेच चिठ्ठी लिहायला घेतली! ओढून फाडली. "आधी तिला विचारते," भिकनला म्हटलं. त्यानं मान हलवली. रडत होता. मला त्याची दया आली नाही, खरं सांगायचं तर. पण जाते उद्या.

२४ जुलै

नवसाबाईला विचारलं. मला वाटलं होतं, हो म्हणेल.

"त्याला नको आनू," म्हणाली. मग अगदी मायेनं —

"आन ताई, तू बी येऊ नको आता. तू आलीस का पोरगं कोठीमागं दडतंय."