उत्तर यायला लागणारा वेळ

१२ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या आत्याने खिडक्यांना नवे पडदे लावलेत, आणि कुणी आलं की आधी पडदे दाखवते, मग पाणी देते. तुझा खोकला गेला असेल.

तुझ्या मालिकेचा नवा भाग पाहिला. संशोधन सोडून तू मालिकेची विज्ञान सल्लागार झालीस तेव्हा मी नाक मुरडलं होतं. लोक जेवता जेवता बघणार, त्यात खरं विज्ञान असलं काय नि नसलं काय, असं माझं म्हणणं.

पहिल्याच दृश्यात यान घरघरत गेलं. अवकाशात आवाज कसला, असं मनात आलं. मग तुझं पत्र आठवलं. त्या आवाजावर तू पाणी सोडलंस, पण निरोप पोचायला लागणाऱ्या वेळेसाठी दिग्दर्शकाशी भांडलीस.

गुरू ग्रहाजवळच्या यानातून ती मुलगी बापाला विचारते, "बाबा, गुडघा कसा आहे?" निरोप जायला पाऊण तास, उत्तर यायला पाऊण तास. मला वाटलं, आता दृश्य बदलेल. पण कॅमेरा तिच्यापाशीच राहिला. तिने फाटका हातमोजा शिवला, केस विंचरले, एक डुलकी काढली. आत्या म्हणाली, टीव्ही अडकलाय बहुतेक. शेवटी बापाचा चेहरा दिसला, तेव्हा पोरगी अशी हसली की जणू त्याने लगेच उत्तर दिलं होतं.

मी टीव्ही बंद केला.

ठमे, माझा घसा बसलेला नाही. आत्याने तुला फोनवर तसं सांगितलं ते माझ्यामुळे, तिच्यावर रागावू नकोस. उन्हाळ्यात मला पक्षाघाताचा हलका झटका आला. हातपाय शाबूत आहेत, हे पत्र मीच लिहितोय. जीभ मात्र जड झाली. शब्द डोक्यात तयार असतात, पण तोंडाशी यायला वेळ लावतात, आणि आले तरी अडखळत येतात.

जन्मभर मी स्टेशनवर घोषणा केल्या. माझे बाबा बोलले की गाडी सुटते, असं तू शाळेत सांगायचीस. त्या पोरीला हे बोलणं कसं ऐकवायचं? म्हणून तुझा फोन आला की मी तो आत्याच्या हातात द्यायचो. तुला वाटलं असेल, मी अजून रुसलोय. रुसलो नव्हतो गं, लाजत होतो.

टीव्ही बंद केल्यावर हे सगळं मी आत्याला सांगायला लागलो. खूप वेळ गेला. ती हातातलं काम ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "लागू दे की वेळ. थांबायचं कसं ते ठमीनेच तर दाखवलंय."

बोलणं सुधारायला एक बाई घरी येतात. मोठ्याने काहीतरी म्हणा म्हणतात, तर मला जुन्या घोषणाच आठवतात. या वेगाने केल्या असत्या तर गाडी पुढच्या स्टेशनात पोचली असती, असं मी त्यांना म्हणालो. बाई खूप हसल्या. बऱ्याच दिवसांनी मीही हसलो.

धावत येऊ नकोस. आधी रविवारी फोन कर, मी उचलेन. पलीकडून काही ऐकू आलं नाही, तर लाईन तुटली असं समजून ठेवून देऊ नकोस.

माझे शब्द वाटेत असतील,
तुझे बाबा