राजमतीच्या गोळ्या मी खाल्ल्या

मु. डिग्रज, जि. सांगली
११ मार्च १९७४

तीर्थरूप धन्यकुमारआण्णा यांसी,

रामगोंडाचा जय जिनेंद्र आणि दोन्ही हात जोडून नमस्कार. कोयनानगरची थंडी ओसरली असेल, वहिनींचे गुडघे बरे असतील आणि धरणीमाय अलीकडे हलली नसेल, अशी आशा करतो. इकडे ऊस कारखान्याला गेला, म्हैस व्याली, रेडी झाली. इथवर सगळं क्षेम आहे.

मागच्या कार्डात, तुमची बहीण राजमती न्हाणीत घसरून पडली असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. खरं लिहायला महिना लागला.

श्रावणात सोसायटीच्या हॉलमध्ये साताऱ्याचे एक डॉक्टर ब्लडप्रेशर तपासायला आले होते. माझा स्वभाव तुम्ही जाणता (तुमच्या लग्नात मी बँडवाल्याचा ढोल विहिरीत टाकला होता), त्यामुळं गावानं एकमुखानं मलाच पुढं घातलं. सोबत होती म्हणून राजमतीच्याही दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा म्हणजे हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा जोर, खालचा म्हणजे ते विसावतं तेव्हाचा, असं डॉक्टरांनी समजावलं. मीठ कमी करा म्हणाले. हा आजार दुखत नाही, म्हणून बरं वाटतंय असं समजून गोळी सोडू नका, असंही बजावलं. माझ्या चिठ्ठीवर १३२/८४ आले. तिच्या चिठ्ठीवर २१०/१२०, आणि गोळ्या तिच्याच हातात दिल्या.

घरी पोचेपर्यंत मी निकाल लावून टाकला, की चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. वरडणारा मी, तापणारा मी, आणि प्रेशर हिला कसं असेल? तिलाही ते पटलं. म्हणाली, "तेच म्हंते मी. मी कवा कुणावर आवाज चढवलाय?"

तेव्हापासून तिच्या गोळ्या मी खायला लागलो. आठव्या दिवशी धार काढून उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि चरवीसकट शेणात बसलो. (म्हैस वळून बघत होती.) औषध लागू पडतंय, असं सगळ्यांचं मत पडलं. दर महिन्याला सांगलीहून तीच चिठ्ठी दाखवून गोळ्या आणायच्या, दर आठवड्याला मी कुठंतरी आडवं व्हायचं, असं चाललं होतं. माझ्यासाठी ती अळणी आमटी करायची. स्वतः मात्र लोणचं-पापड घेऊन जेवायची. तिला कशाला उपास, असं मीच म्हणायचो.

माघात एका सकाळी भाकरी थापता थापता तिचा उजवा हात थांबला. मला वाटलं, पीठ सैल झालं असेल. मग तिनं माझ्याकडं बघितलं तर अर्धं तोंड वाकडं झालेलं. बैलगाडीनं नाक्यापर्यंत, पुढं ट्रकनं सांगली. तिथल्या डॉक्टरांनी यंत्र लावलं, चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "बाईंच्या गोळ्या चालू होत्या ना?"

मी म्हणालो, "होत्या. मी घेत होतो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आता ती घरी आहे. हात, पाय, वाचा, तिन्ही अर्धी गेली. भाकरी मी करतो. नकाशातल्या तालुक्यांसारख्या होतात, पण खाते. गोळी रोज माझ्या हातानं देतो आणि गिळेपर्यंत उठत नाही. परवा १५८/९६ होतं. आकडा उतरला तरी गोळी जन्मभर चालू ठेवायची, असं सांगितलंय.

वडीलधाऱ्यांस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला,
रामगोंडा

ता. क. हा आजार घराण्यात चालतो म्हणे. तुमच्या आई अशाच बसल्या जागी गेल्या होत्या. तेव्हा कॉलनीच्या दवाखान्यात जाऊन प्रेशर मोजून घ्या आणि दोन्ही आकडे मला कळवा. एकच कळवू नका.

आणखी एक. आण्णा, तुम्ही तिचे थोरले भाऊ. एकदा येऊन मला चार माणसांत बोल लावा. ती आधी कधी बोलली नाही, आता तिला बोलता येत नाही. कुणीतरी बोलायला पाहिजे.

शेवटचं. पत्र तिला वाचून दाखवलं. ढोलाच्या ठिकाणी हसली. मग डाव्या हातानं वरच्या 'बोल लावा' या मजकुरावर बोट ठेवून तो खोडायची खूण केली. मी खोडलेला नाही.