पंपावरची गोलक

देवास,
१० सप्टेंबर २०२५

चि. भैयासाहेब भाऊजींना नलिनीवहिनीचे आशीर्वाद.

इकडे ठीक म्हणण्याइतपत ठीक आहे. धारला पाऊस उघडला का? जाऊबाईंचा गुडघा काय म्हणतो? अक्षर बघून दचकला असाल. ते का, ते पुढे सांगते. आधी बाकीचं.

बावीसला घटस्थापना. तुमचे दादा गेल्यापासून आपल्या घरचा घट तुमच्याच हातानं बसतो, आणि यंदा तुमचा ना फोन, ना निरोप. आमचा स्वानंद म्हणाला, "आई, काका रागावलेत, आपणच बसवू." मी म्हटलं, गप रे. काका माणसांवर रागावतात, देवीवर नाही.

राग माझ्या सुनेवर आहे, मला काय ठाऊक नाही? अवंतीनं कॉलनीच्या मीटिंगमध्ये चारचौघांत तुम्हांला उत्तर दिलं. पण आता जरा माझंही ऐका, मग हवं तितकं रागवा.

आपली सडक नगर निगमनं कधी ताब्यात घेतलीच नाही, दुरुस्ती आपल्यालाच करावी लागते. तेव्हा त्या खर्चासाठी कोपऱ्यावरच्या पंपावर ती लोखंडी गोलक, पैशांची पेटी, कुणी ठेवली? तुम्ही आणि तुमच्या दादांनी. कॉलनीतल्या ज्यानं पेट्रोल भरलं, त्यानं जाताना गोलकीत नाणं टाकायचं. जो जास्त फिरेल तो जास्त वेळा भरेल, म्हणजे तोच जास्त टाकेल. कुणाच्या दारात वर्गणी मागत हिंडायला नको. काय डोकं होतं हो तुम्हां भावांचं! अजून पंपावरून गेले की मला मान ताठ करावीशी वाटते.

मग विजेच्या गाड्या आल्या. पहिली तुमची, दुसरी अवंतीची, आणि बघता बघता निम्मी गल्ली. पंपावर जायचं कामच संपलं, गोलक रिकामी वाजायला लागली. मीटिंगमध्ये तुम्ही म्हणालात, "आम्ही धूर करत नाही, तेव्हा विजेच्या गाड्यांना माफ असावं." सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात ही उठली. तिचं मराठी म्हणजे अर्धी हिंदी. म्हणाली, "काकासाहेब, धूर नाही केला त्याची शाबाशी अलग. पण सडक तर चाकानं घिसते ना? माझी गाडी तर बॅटरीमुळे आणखी भारी आहे. मीटरवर किलोमीटर दिसतात, मी त्या हिशोबानं टाकीन."

तुम्ही चहा तसाच ठेवून उठलात. तुम्हांला वाटलं, पोरीनं अपमान केला. अहो, ती तुमचाच नियम तुम्हांला सांगत होती, फक्त पेट्रोलच्या जागी किलोमीटर!

आणि नुसती बोलून थांबली नाही हो. दर रविवारी गाडी घेऊन पंपावर जाते, मोटरसायकलींच्या लायनीत उभी राहते, नंबर आला की नाणी टाकते आणि निघते. पंपावरचा गणोजी हसतो, "भाभी, कुछ तो भरवा लो, हवा ही सही!" मग ही खरंच हवा भरवून येते. मीसुद्धा हसले. म्हटलं, अगं, स्वानंदच्या हाती पाठव की. तर म्हणते कशी, "आई, लाइन में दिखना चाहिए. मी दिसले तर बाकीचे पण येतील."

कुणी आलं नाही. समोरच्या अल्पनाताई तोंडावर म्हणाल्या, "भैयासाहेबांनी माफ केलंय, मग आम्ही का द्यायचं?" भाऊजी, घर बंद करून तुम्ही धारला मुलाकडे गेलात, तरी इथं शब्द अजून तुमचाच चालतो. एकटीच्या नाण्यांनी सडक कुठं दुरुस्त होते? वळणावरचा खड्डा या पावसात फारच वाढला.

तर आता अक्षराचं. मागच्या मंगळवारी टेकडीवरून देवीचं दर्शन घेऊन येत होते. त्याच खड्ड्यात रिक्षा कलंडली. माझं उजवं मनगट मोडलं, प्लास्टर आहे. बाकी ठणठणीत आहे, जीभ तर बघताच आहात. मुद्दाम कळवलं नव्हतं. तुम्ही स्वतःला दोष देत बसला असता, आणि मला ते बघवलं नसतं.

हे पत्र अवंती लिहिते आहे. मी बोलते, ती लिहिते. हिंदी शाळेत शिकलेली, जोडाक्षर आलं की अडते आणि मला विचारते. स्वतःचं कौतुक आलं की पेन थांबतं. मी म्हणते, लिही गं, सासू रोज असं बोलत नसते! माझी वेणी घालते, घास भरवते, पण "मी म्हटलं होतं ना" असा एक शब्द तिच्या तोंडून आला नाही. तुम्हां दोघा भावांचा मला जेवढा अभिमान वाटला, तेवढाच हिचा वाटतो. हे लिही म्हटलं तर रडतेय वेडी.

भाऊजी, या हातानं मला घट बसवता येणार नाही, आणि तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातानं मला तो बसवायचा नाही. तुम्ही या. आपल्या विजेच्या गाडीनंच या, तिचं मला कौतुकच आहे. एकवीसला रविवार आहे. सर्वपित्री अमावस्या म्हणून कुरकुर करू नका, दादांचं पान त्याच दिवशी वाढायचं आहे. फक्त घरी येण्याआधी पंपावर थांबा. अवंती लायनीत असेल, तिच्या मागे गाडी लावा. सगळी कॉलनी बघू दे. दादांबरोबर ठेवलेल्या गोलकीत तुमच्या हातानं टाका, आणि दुसऱ्या दिवशी त्याच हातानं घट बसवा.

वळणावर गाडी हळू घ्या.

खालची सही माझीच आहे, डाव्या हातानं केलेली. वाकडीतिकडी आली आहे, पण वाट सरळ मनानं बघते आहे.

तुमची वहिनी,
नलिनी