आमचा कॉम्प्युटर हंगेच आहे

चामराजपेट, बेंगळूर
दिवाळी सरल्यानंतरचा सोमवार, १९९६

तीर्थरूप अप्पासाहेब दाजी यांच्या पायांशी,

धाकटा मेहुणा हणमंत याचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा अजून वाकत नाही, तेव्हा साष्टांगातलं एक अंग कमी धरावं. समक्ष भेटीत भरून काढीन.) इकडं सगळे खुशाल आहोत. तुमची शुगर, मालनअक्काची कंबर, चि. विराजची धारवाडची बँक आणि तुमच्या दारातली ती मारकी म्हैस, सगळ्यांची खुशाली कळवावी. म्हशीची आधी कळवावी, म्हणजे चिक्कोडीला यायचं की नाही ते मला ठरवता येईल.

एक विनंती सुरुवातीलाच करून ठेवतो. माझं पत्र आलं की तुम्ही ते सोप्यात बसून अक्काला मोठ्यानं वाचून दाखवता, हे मला ठाऊक आहे. हे तसं वाचू नका. मळ्यात नेऊन वाचा. आमच्या सौम्याच्या लग्नाचं आहे. तिच्या बारशाला अक्कानं तिच्या जिभेवर साखर ठेवली आणि चारचौघांत ‘ही माझ्या विराजची’ म्हणून टाकलं, त्याविषयी थोडं बोलायचं आहे. पण ते सांगायचं तर आधी कॉम्प्युटरचं सांगावं लागतं. (सकाळपासून बरेच कागद फाडले. कॉम्प्युटर वगळून ती गोष्ट सांगताच येत नाही, आणि आली असती तरी मला धीर झाला नसता.)

तर कॉम्प्युटर. सौम्यानं मल्लेश्वरमला कोर्स केला आणि तिथल्या विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करून द्यायचं काम घरी आणलं. कंपनीचा तयार कॉम्प्युटर घेऊ म्हणाली. मी म्हटलं, ज्याच्या पोटात हात घालता येत नाही असं यंत्र मी उंबऱ्याच्या आत घेणार नाही. उभा जन्म लोकांच्या पंपांच्या जळक्या मोटारी नव्या तारेनं रिवाइंड करण्यात गेला, आणि मी सीलबंद डबा विकत घेऊ? शेवटी एस. पी. रोडच्या बाजारात जाऊन एकेक भाग निवडून घेतला. जोडून दिला शिवकुमारनं. हा तुमकूरकडचा मुलगा, डिप्लोमा झालेला, कॉम्प्युटर जोडून देणं आणि बिघडले की दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. अंगानं काटकुळा, बोलणं फार थोडं. ‘सार’ एवढ्या एका शब्दात तो होय, नाही, कॉफी चालेल आणि तुमचं चुकतंय असे चारही अर्थ बसवतो. सगळं आमच्या जेवणाच्या टेबलावर जोडलं. (तेव्हापासून आम्ही जमिनीवर बसून जेवतो. गुडघ्याचं त्यामुळंच बळावलं असं सौम्याच्या आईचं म्हणणं.)

दसऱ्यापर्यंत यंत्र सुतासारखं चाललं. दसरा झाला आणि ते मधेच थांबायला लागलं. कसं थांबायचं ते सांगतो. मोटार जळाली तर वास येतो, बेअरिंग गेलं तर ओरडतं, काहीतरी माणुसकी दाखवतं. याचं तसं नाही. दिवा लागलेला, पंखा फिरतोय, पडद्यावर अक्षरं आहेत, तो बाणही आहे, पण बाण जागचा हलत नाही. कुठलंही बटण दाबा, ओळख नाही. आपल्या समाजाच्या सभेत सेक्रेटरी जमाखर्च वाचतात तेव्हा पुढच्या रांगेतली मंडळी बसतात ना, डोळे उघडे आणि आत कुणी नाही, अगदी तसं. बंद करून चालू केलं की पुन्हा ठणठणीत, पण लिहिलेलं सगळं गेलेलं. कधी तासभर चालायचं, कधी लगेच थांबायचं. याला इंग्रजीत हँग होणं म्हणतात. शब्द लक्षात ठेवा, पुढं याच शब्दानं घात केला आहे.

मी स्वस्थ बसणारा नव्हे हे तुम्ही जाणता. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक यंत्राला लावलं. मोटारीचं दुखणं मी असंच ओळखतो. आतला पंखा ऐकला, स्वच्छ चालला होता. शिवकुमारला मी तिथल्या तिथं सांगून टाकलं की पंख्याला हात लावायचा नाही, पंख्याची हमी माझ्या कानाची. तो ‘सार’ म्हणाला आणि पंखा सोडून बाकी सगळं उचकटत बसला. घरच्या अर्थिंगमध्ये दोष काढला, मी अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरला. करंट पुरवणारा डबा बदलला. रॅम नावाची एक पट्टी असते, कॉम्प्युटरचं ध्यान तिच्यात राहतं, ती बाहेर काढून त्यानं शाळेतल्या खोडरबरानं घासली. (खोडरबरानं घासल्यावर आठवण सुधारते, हे या वयात कळलं. तुमच्याकडं विसरभोळे कुणी असतील तर बघा.) वरच्या मजल्यावरच्या सोयराबाईंनी दृष्ट काढली. त्या दिवशी यंत्र संध्याकाळपर्यंत थांबलं नाही, तेव्हापासून आमच्या गल्लीत विज्ञानाची बाजू जरा पडतीच आहे.

शेवटी मी अंघोळीला गेलेलो असताना शिवकुमारनं तो पंखा काढला. मी टॉवेलावरच बाहेर आलो, तर तो खाली बघत उभा. पंख्याखाली जो चौकोनी मेंदू असतो त्यावर चंदनाचा वाळून तडकलेला थर, त्यात कुंकू, आणि मधोमध भाजून तपकिरी झालेला तांदळाचा दाणा. “इदेनु सार?” एवढंच त्यानं विचारलं, म्हणजे हे काय आहे म्हणून.

काय असणार, दाजी. आयुधपूजा, तुमची खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी रिक्षापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना गंध-फूल लागतं, दुकानातल्या मोटारींना मी स्वतः लावतो. घरी येऊन कॉम्प्युटरची पूजा मांडली, तर मनात आलं, बाहेरच्या पत्र्याला कुंकू लावून काय उपयोग. शिवकुमारनं जोडतानाच बोट ठेवून दाखवलं होतं, सार, हा मेंदू. मग पूजा कपाळाची नको का? पंख्याची क्लिप काढली, गंध चांगलं सढळ हातानं लावलं, कुंकू, अक्षता, आणि पंखा पुन्हा बसवला. तांदळाच्या दाण्यानं पंख्याचं बूड अधांतरी राहिलं आणि मेंदू तापून बेशुद्ध पडायला लागला. पंखा मात्र स्वच्छच चालला होता. माझ्या कानात दोष नव्हता, हे मी सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं. शिवकुमारनं स्पिरिटनं पुसून त्याचं ते पांढरं मलम लावलं आणि यंत्र सुधारलं.

इथं पत्र संपायला हवं होतं. पण यंत्र सुधारल्यावर शिवकुमारच्या फेऱ्या वाढल्या. रोज दुकानातून फोन करून चौकशी करायचा आणि अर्ध्या तासात स्कूटरवर दारात हजर. यायचा, डबा उघडायचा, काही सापडायचं नाही, कॉफी प्यायचा, जायचा. मी चक्रावलो. मग एकदा त्याचा फोन आला तेव्हा मी तिथंच पेपर वाचत होतो. तो पलीकडून कानडीत विचारत होता, “हँग आग्ता इद्या?” हँग होतोय का. आणि सौम्याची आई इकडून शांतपणे सांगत होती, “हंगे इदे.” आता तुम्ही चिक्कोडीकडचे, तुम्हाला कानडी मी काय शिकवणार. ‘हंगे इदे’ म्हणजे तसंच आहे, तुम्ही ठेवून गेलात तसंच, काळजी नको. ती बिचारी रोज त्याला सांगत होती की सगळं ठीक आहे, आणि तो रोज ऐकत होता की हँगच आहे. मी दोघांना समोरासमोर बसवून उलगडा केला. पोट धरून हसलो सगळे. शिवकुमारसुद्धा हसला, त्याचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. सौम्याच्या आईला मी बजावलं की यापुढं ‘सरी इदे’, म्हणजे ठीक आहे, असं म्हणायचं, ‘हंगे’ हा शब्द या घरात बंद.

आता येतो मुद्द्यावर. (म्हणजे जवळपास येतो. उभं राहून जरा अंगणात फेरी मारून आलो. आज सकाळपासून माझं बूड खुर्चीला टेकत नाही.) गेल्या आठवड्यात गुडघ्यामुळं दुपारी दुकानातून लवकर आलो आणि आतल्या खोलीत आडवा झालो. बाहेर सौम्या टाइप करत होती. झोप येईना म्हणून मी ते ऐकत पडलो होतो. टिकटिक अखंड चालली होती, कुठं अडखळ नाही, यंत्राची तब्येत उत्तम. मग फोन वाजला. टिकटिक थांबली, आणि सौम्याचा आवाज आला, “हंगे इदे.” आईनं म्हटलं तसं नव्हे. आई भाजीवाल्याला सांगावं तसं सांगायची. ही अगदी हळू म्हणाली, शब्द तळहातावर ठेवून पुढं करावा तशी. फोन ठेवला आणि टिकटिक पुन्हा सुरू. थोड्या वेळानं फाटकाशी स्कूटर थांबली. मी पडदा सारून पाहिलं. भांग पाडलेला, शर्ट इस्त्रीचा, आणि हातात हत्यारांची पेटीच नाही.

तो गेल्यावर मी सौम्याला हाक मारली. रागावलो नाही, रागावता येईना. काय आहे ते सरळ सांग म्हटलं. तिनं सांगितलं. त्यानं विचारलं आहे. हिनं उत्तर दिलेलं नाही, होही नाही आणि नाहीही नाही. तुमकूरला त्याच्या घरी मुली बघायला लागलेत, आणि तो रोज फोन करून एवढंच विचारतो की काही ठरलं का, आणि ही सांगते, तसंच आहे. मी म्हटलं, मग तुझ्या मनात काय आहे? तर माझ्याकडं न बघता म्हणाली, “माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला ऐकू आलंय, अण्णा. पण आत्याची साखर आहे माझ्या तोंडात. ती आत्या बोलल्याशिवाय मी कुणालाच काही बोलणार नाही.”

तेव्हापासून जेवण अर्धं टाकते. मुलगा आपल्यातला नाही, लिंगायत आहे, रविवारी आमच्याकडं मटण शिजतं तेव्हा बाहेर पायरीवर बसून पट्ट्या पुसतो. पण माणूस खणखणीत आहे, हे मी स्क्रूड्रायव्हर न लावता सांगतो. विराजही मला पोटच्या पोरासारखा. इकडं ओढलं तर इकडं तुटतं, तिकडं ओढलं तर तिकडं. असो. थंडी पडू लागली आहे, तुम्ही सकाळी मळ्यात जाताना कानटोपी घालत जावी. शुगरला मेथीचं पाणी चांगलं म्हणतात. अक्काला नमस्कार, विराजला आशीर्वाद, म्हशीला लांबूनच.

आपला,
हणमंत

ता. क. : जे लिहायला बसलो ते लिहिलंच नाही. दाजी, अक्काशी तुम्ही बोला. मी बोललो तर तिला मी पुन्हा परकरी पोरींच्या खोड्या काढणारा धाकटा भाऊच दिसेन. ती नुसती ‘शब्द सोडला’ एवढं सौम्याला फोनवर म्हणाली तरी पोरगी पोटभर जेवेल. जरा हळू सांगा. तिचा राग कसा असतो ते तुम्ही माझ्याहून जास्त जवळून बघताय.

आणखी एक ता. क. : पाकिटाला डिंक लावतच होतो आणि फोन वाजला. मालनअक्का. एसटीडी बूथवरून, तुम्हाला न सांगता. खुशाली झाली आणि ती तुमच्या बोअरवेलच्या मोटारीविषयी बोलायला लागली. मोटार गुणगुणते, मग थांबते, मग आपोआप चालू होते, वायरमन येऊन गेला, स्टार्टर बदलला, पाणी कधी गरम येतं कधी गार. मी ऐकत राहिलो. असा बिघाड जगातल्या कुठल्याही मोटारीला होत नाही. शेवटी मी म्हटलं, “अक्का, मोटार चांगली आहे. मुलगी कोण?” मग म्हणाली, “प्रियदर्शनी म्हणून आहे. विराजच्याच बँकेत. तुला कुठल्या तोंडानं सांगू रे, साखर मीच ठेवलेली.” मी फोन सौम्याच्या हातात दिला आणि अंगणात गेलो. आत्या-भाचीचं काय बोलणं झालं ते ऐकलं नाही. ऐकू येत होतं, पण नळ सोडून ठेवला.

तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. फक्त अक्कानं माझ्यावर एक काम टाकलं आहे. विराजचं तुम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही भडकाल, तुमची शुगर वाढेल, म्हणून आधी पानंच्या पानं दुसरंच काहीतरी लिही आणि मग शेवटी हळूच सांग, असं ती म्हणाली. दुसरंच काहीतरी आयतं लिहून झालेलं होतं, म्हणून हेच पाठवतो.