मागच्या दाराखालचा पिवळा रंग

शनिवार, ६ सप्टेंबर २०२५

फळ्यावर शेवटी नोटीस लागलीच. बिल्डिंग दिवाळीआधी रिकामी करायची, पाडापाडी त्यानंतर. आवारातल्या बंद गाड्या त्याआधी हलवायच्या. 'बंद गाड्या' असं लिहिलंय खरं, पण अख्ख्या आवारात बंद गाडी एकच आहे. आमची.

मरून आल्टो, २००८ ची. बाबांनी रिटायर झाल्यावर घेतलेली. इथल्याच विक्रोळीतल्या कंपनीत चौतीस वर्षं साहेबांच्या गाड्या चालवल्या आणि मग ही एक स्वतःची. लॉकडाऊनपासून जांभळाखाली उभी आहे.

गावी फोन केला. म्हटलं, बाबा, आता भंगारातच द्यावी लागेल. मला वाटलं चिडतील. पण ते म्हणाले, "दसऱ्याक मी येतंय. एकदा नीट पूजा करूया तिची, मगे दी. धुवून पुसून ठेव पण." हो म्हटलं. दर रविवारी विचारतात, गाडी पुसतंस मां रे? दर रविवारी मी हो म्हणतो. पाच वर्षांत एकदाही फडकं लावलेलं नाही.

रविवार, ७ सप्टेंबर

कव्हर काढलं. काढलं म्हणजे, हातात आलं. खाली वाट लागलेली. टपावर कावळ्यांनी केलेलं सिमेंटसारखं घट्ट झालंय, बॉनेटवर जांभळांचे डाग, हेडलाइट पिवळट. आत बुरशीचा वास. मागच्या सीटखाली उंदराने संसार थाटला होता, तो बहुतेक पावसात सोडून गेला.

रुचिरा वरून खिडकीतून बघत होती. म्हणाली, "भंगारात द्यायच्या आधी आंघोळ? मयताला घालतात तशी?" बायको आहे, तिला बोलायचा हक्क आहे. पण तळमजल्यावरचे दशरथकाका बाहेर आले आणि गाडीकडे नुसते बघत राहिले. बाबांचे जुने दोस्त. "सहदेवाची ना ही? रोज सात वाजता पुसायचा रे तो. आम्ही त्याच्यावर घड्याळं लावायचो."

मी मान खाली घालून टायर बघत बसलो. टायरमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं.

सोमवार, ८ सप्टेंबर

ऑफिसातून येताना स्टेशनबाहेरच्या दुकानातून सामान आणलं. कार शाम्पू, वॅक्सची डबी, डॅशबोर्डचा स्प्रे, दोन मायक्रोफायबरची फडकी. सगळं स्वस्तातलं. दुकानदाराने महागडी डबी पुढे केली होती. भंगारात जाणाऱ्या गाडीला कशाला, म्हणून परत केली. मग रस्ताभर वाईट वाटत राहिलं.

शनिवार, १३ सप्टेंबर

धुतली! दोन बादल्या, एक साबणाची, एक नुसत्या पाण्याची. डागांवर ओलं फडकं अर्धा तास ठेवलं, मग सुटले. मडगार्डखालचं डांबर रॉकेलच्या बोळ्याने काढलं. दोन्ही हेडलाइटना टूथपेस्ट चोळली, तेही बऱ्यापैकी उजळले. कळकट पाणी गटारापर्यंत वाहत गेलं.

पुसताना हात आपोआप गोल गोल फिरत होता. एकदम बाबा आठवले. "गोल नाय. सरळ. वारो लागता तसो, फुडसून मागे." पहिलीतल्या मुलाला अक्षर शिकवावं तसे माझा हात धरून शिकवायचे. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. आवारातली पोरं हसायची, आणि मला बाबांचाच राग यायचा.

आज सगळी गाडी सरळ पुसली.

रविवार, १४ सप्टेंबर

गाढवपणा केला. भर उन्हात, तापलेल्या बॉनेटवर सगळीकडे वॅक्स थापलं आणि चहा प्यायला वर गेलो. खाली येतो तर पांढरे चट्टे, चुना मारल्यासारखे. तीन तास घासत होतो. रुचिराने माझी दोन जुनी गंजिफ्रॉक फाडून वरून फेकली, न बोलता. ते बोलण्यापेक्षा वाईट.

दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "साहेब, आधी कंपाउंड मारायचं, त्याने जुने चरे निघतात. मग वॅक्स. आणि उन्हात कोण लावतं?" ड्रायव्हरच्या मुलाला हे ऐकून घ्यावं लागलं. कंपाउंडची डबी घेऊन आलो.

शनिवार, २० सप्टेंबर

आज लिहायला नको वाटतंय. पण लिहितो.

गाडीच्या डाव्या बाजूला, मागच्या दारावर खाली पोचा आहे. आठ वर्षांपूर्वीचा. बाबांनी तो कधी काढू दिला नाही. आज त्या बाजूची खालची कड साफ करायला गोणपाट टाकून पाठीवर आडवा झालो. दाराच्या खालच्या पत्र्याला, आतल्या बाजूने, दोन बोटं लांब पिवळा रंग लागलेला दिसला. आडवं झाल्याशिवाय दिसणारच नाही असा.

मी तसाच पडून राहिलो. दशरथकाकांनी विचारलं, बरा आहेस ना?

सप्टेंबर २०१७. ऑफिसात फुशारकी मारली होती की उद्या गाडी घेऊन येतो. बाबा त्या दिवशी लग्नाला ठाण्याला गेलेले. त्यांना न विचारता किल्ली घेतली. पवईला ऑफिसच्या बेसमेंटमध्ये मागे घेताना खांबाला घासली. पिवळे-काळे पट्टे असलेला खांब, आंधळ्यालाही दिसेल असा. बरोबरचे सगळे बघत होते. दारावरचा पिवळा रंग पेट्रोलच्या फडक्याने पुसला. गाडी आणून जागेवर लावली. सकाळी सांगेन म्हटलं.

सकाळी सातला बाबा पुसायला गेले आणि वर आले ते घाम फुटलेले. "सुबोधा, गाडी खंयतरी लागली रे. माका कळलाच नाय." आदल्या आठवडाभर तेच चालवत होते, आणि लग्नाच्या गडबडीत दोन दिवस पुसायचं राहिलं होतं. मोतीबिंदू नुकता सुरू झाला होता, डॉक्टरांनी सांगितलेलं. त्यांनी सगळं आपणच जुळवलं. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते मला छान जमलं.

पोच्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांना दुसरंच लागलं होतं. "लागला आणि माका आवाजसुद्धा नाय इलो. थंय पोर आसता तर?" हे वाक्य ते महिनाभर म्हणत होते, जेवताना, टीव्ही बघताना. पोचा राहू दे म्हणाले, डोळ्यांसमोर असलेला बरा. मग एक दिवस किल्ली माझ्या हातात ठेवली. पुढच्या वर्षी गावी निघून गेले. इथे गाडी नाही चालवायची तर बसून करू काय, म्हणाले.

चौतीस वर्षांत एक चरा नाही त्या माणसाच्या नावावर. मी लावला. मला माझी लाज वाटते. एवढंच लिहायचं होतं आणि त्याला आठ वर्षं लागली.

रविवार, २१ सप्टेंबर

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या वर्षी कणकवलीला झालं. आता त्यांना सगळं स्वच्छ दिसतं. गुडघेही या वर्षी बरे आहेत म्हणतात. म्हणजे ते वाकून बघू शकतात.

सकाळी कंपाउंड घेऊन खाली गेलो, गोणपाटावर आडवा झालो आणि तो पिवळा रंग घासून काढला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. खालून मरून रंग झकास निघाला. टॉर्च मारून दोनदा बघितलं. मागमूस नाही.

हातपाय धुऊन वर आलो. सर्वपित्रीची खीर होती. भूक नव्हती, तरी दोन वाट्या खाल्ल्या, रुचिराने काही विचारू नये म्हणून.

मंगळवार, २३ सप्टेंबर

बाबांचा फोन आला होता. उचलला नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

शेवटचं वॅक्स, सावलीत, थोडं थोडं, सरळ हात. बॉनेटमध्ये जांभळाची पानं दिसतात एवढी चकाकते. डॅशबोर्ड काळाभोर. येणारे-जाणारे थांबून बघतात. "अरे, ही तर विकता येईल," असं दोघं-तिघं म्हणाले. दशरथकाका म्हणाले, "बापाचं नाव राखलंस रे." मी वर निघून आलो.

ज्याची भीती वाटते ते लिहून ठेवतो. दसऱ्याला बाबा गाडीसमोर गाऱ्हाणं घालणार. गावच्या देवाला, मोठ्याने, मालवणीत, अख्ख्या आवाराला ऐकू जाईल असं. ते एकेक मागणं बोलतात आणि घरच्यांनी प्रत्येकाला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. २०१७ च्या दसऱ्याला, पोचा पडून पंधरा दिवस झाले होते तेव्हा, त्यांनी म्हटलं होतं, "बा देवा म्हाराजा, माझ्या हातसून चूक झाली, ती पोटात घाल!"

आणि मी हात जोडून, सगळ्यांत मोठ्याने, व्हय म्हाराजा म्हटलं होतं.

मंगळवार, ३० सप्टेंबर

बाबा आले. पिशव्या वर न नेता थेट गाडीपाशी गेले. टपावरून तळवा फिरवला, बॉनेटवर, दारांवर. पोच्यापाशी हात जरा थांबला. मग माझ्याकडे वळले. "माझ्यापेक्षा बरा केलंस." डोळे भरले होते त्यांचे. मी पिशव्या उचलल्या.

रात्री जेवताना रुचिराला सांगत होते, झील (म्हणजे मी) दर आठवड्याक पुसता, म्हणान रंग टिकलो. रुचिराने माझ्याकडे बघितलं.

बुधवार, १ ऑक्टोबर

उद्या व्हय म्हाराजा म्हणणार नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. दशरथकाका, रुचिरा, शेजारचे चार-पाच जण. बाबांनी नारळ हातात घेतला आणि डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, सतरा वर्सां ह्या गाडयेन आमची सेवा केल्यान, तिका आज मानान निरोप देतंव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे. मीसुद्धा.

"माझ्या हातसून जी चूक झाली, जो हिका डाग लागलो, तो पोटात घाल रे म्हाराजा!"

सगळे म्हणाले. मी नाही. मी म्हटलं, "बाबा, नाही. ती चूक माझी आहे."

सगळं सांगितलं. तिथेच, सगळ्यांसमोर. पवई, बेसमेंट, खांब, पेट्रोलचं फडकं. दर रविवारचं खोटंही सांगितलं. दशरथकाका जमिनीकडे बघत होते. बाबांनी ऐकून घेतलं, नारळ फोडला, पाणी चारी चाकांवर घातलं आणि वर गेले. जेवले. झोपले.

पण मला हलकं वाटतंय. आठ वर्षांनी. आता ते शिव्या देतील, बोलणं टाकतील. चालेल. निदान त्यांना कळलं तरी की त्यांचा हात चुकला नव्हता.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

सकाळी बाबा घरात नव्हते. खाली गेलो तर गोणपाटावर आडवे, हातात टॉर्च, मागच्या दाराखाली. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस. हात देऊन उठवलं.

"बेसमेंटचो खांब आसतो तर पुसलो तरी खालच्या कडेक रंग ऱ्हवलो आसतो, झिला. माका आता बारीक अक्षरसुद्धा दिसता. थंय काय एक नाय."

मी म्हटलं, मी तो घासून काढला, बाबा. कंपाउंडने. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "माझो दोष आंगार घेतलंस, चार माणसांत. माका तेवढा पुरे. आता आणखी खोटा बोलू नको."

मग वर जाऊन रुचिराला सांगितलं, झील माझो गुणाचो निघालो.