तिमोर आणि आपला बोहाडा

सूर्यमाळ, ता. मोखाडा
१० फेब्रुवारी २०२६

चि. चैतन्यराव यांस,

देवरामचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. विहिरीनं आताच तळ दाखवलाय, पण ते दरसालचंच. प्रतिभाचा खोकला गेला का?

फोनवर सासऱ्याला जावयाशी धड बोलता येत नाही, म्हणून कागद घेतला. आधी माझ्या तिमोरबद्दल लिहितो. हसू नका.

पूर्व तिमोर हा चिमुकला देश. २०११ साली त्यानं आसियानमध्ये, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघात, यायचा अर्ज केला. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. पोरांना नकाशात दाखवताना बोटाखाली अख्खा देश झाकला जायचा. तेव्हापासून पेपरात त्याची बातमी शोधायची खोडच लागली. गरीब आहात, माणसं तयार नाहीत, पुढं बघू, असं त्याला कितीदा ऐकावं लागलं. तरी गडी रुसला नाही. निरीक्षक म्हणून बैठकांना जाऊन बसला, तिथली रीत शिकला, आपली माणसं तयार केली. गेल्या ऑक्टोबरात त्याला अकरावी जागा मिळाली. मी शेजारीपाजारी गूळ वाटला, तर तुमच्या सासूबाई विचारतात, कुणाचं लग्न ठरलं?

तुम्हाला चिकाटीचं काय सांगावं? लग्नापासून दरसाल जव्हारहून आमच्या बोहाड्याला येता. रात्रभर देवादिकांची सोंगं नाचतात, त्यातलं एखादं मागता. गावकी म्हणते, जावई पाहुणा, पाहुण्याला सोंग नाही. मग तुम्ही टेंभा धरता आणि पहाटेपर्यंत सोंगापुढं उलटे चालता. मुखवट्याच्या भोकांतून आम्हाला पायाखालचं दिसत नाही, तुमच्या उजेडावरच नाचतो आम्ही. मला तुमचा फार अभिमान वाटतो. तोंडावर कधी म्हटलं नाही, ते आज म्हणतो.

यंदा तुम्ही येणारच नाही, असं प्रतिभा म्हणाली. चुकलात असं मी म्हणणार नाही. माणसानं मागायचं तरी किती?

पण परवा गावकी बसली. आपल्या घरचं भीमाचं सोंग यंदा कुणी घ्यायचं, हे ठरत नव्हतं. आमचा उमेश सुरतेत, त्याला हौस नाही. दरवेळी आडवा येणारा पंढरीच शेवटी बोलला, "त्याचे उजेडात माझा पाय कदी चुकला नाय. पाव्हना कसला तो? द्या त्याला." आणि गावकीनं सोंग तुमच्या नावावर लावलं.

तुम्ही विचाराल, भीम तर मास्तर घेतात, मग हा प्रश्न आलाच कसा? मीच उठून सांगितलं, मला जमणार नाही. हृदयाची झडप बिघडलीय म्हणून नाशिकचे डॉक्टर सांगतात. विहिरीवरून वर येतानाही मध्ये बसावं लागतं. भीती वाटते हो. प्रतिभाला मी स्वतः सांगेन, तोवर तुम्ही बोलू नका.

होळीनंतरच्या पंचमीला बोहाडा आहे. मुखवटा जड आहे, मानेला सवय हवी, म्हणून आठ दिवस आधी या. तुमच्यापुढं टेंभा कोण धरणार, हेही गावकीनं विचारलं. मी म्हटलं, सुरुवातीची चार पावलं मी उलटा चालतो, पुढं पंढरी धरील.

वाट पाहणारा
तुमचा टेंभेकरी,
देवराम