खडवलीच्या वाघोबापुढे न निघालेले बूट

डोंबिवली,
माघ महिना, १९५४

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी भाचा राघो याचा साष्टांग नमस्कार. (चरण हा शब्द लिहितानासुद्धा हल्ली माझ्या टाचा ठणकतात, पण वडीलधाऱ्यांच्या पत्रात तो टाळायचा कसा?) इकडे सर्व मंडळी खुशाल आहेत, म्हणजे माझे पाय सोडून बाकी सर्व. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. मामींचा खोकला गेला का? पठाणकोटच्या थंडीत आल्याचा काढा सोडू नये, असं आईनं मुद्दाम लिहायला सांगितलं आहे. तुमच्या पलटणीतल्या बढतीचं काय झालं तेही कळवावं. बुटांविषयीचं तुमचं पाच पानी पत्र वेळेवर पोचलं होतं. त्याबद्दल आधी आभार मानावेत की आधी भांडावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून दोन्ही पुढे येईल तसं करतो.

मी तुम्हाला एवढंच विचारलं होतं, की थंडीत पायी शिकारीला जायचं तर आतून ऊब धरणारे बूट कसे निवडावेत. शिकार कुठे, हे मी लिहिलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही. चूक निम्मीनिम्मी धरू. तर ती शिकार खडवलीला होती. (हसू नका. कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना लागते तीच खडवली.) माजिवड्याचे धाकूशेठ तुम्हाला आठवत असतील. पूर्वी त्यांची मिठागरं होती आणि भातशेती होती, आता ते ओट्यावर बसून प्लॉट विकतात. त्यांची मुलगी सगुणा मी खोपटला एका हळदीत पाहिली आणि तेव्हापासून कचेरीत माझी बेरीज बरोबर येत नाही. मामा, तुमच्याशी कसली लाज? मला ती फार आवडली. आईनं स्थळ घातलं, पण मध्ये पौष आला. पौषात लग्नाचं बोलायचं नाही म्हणून धाकूशेठनी शिकारीचं बोलून घेतलं. त्यांची खडवलीला जमीन आहे आणि रानडुकरं दर हिवाळ्यात तिथली भाजी उकरतात, त्यामुळे परवान्याची दुनळी बंदूक घेऊन ते दरवर्षी माणसं जमवून जातात. या वर्षी मला बोलावणं आलं. "खडवलीला थंडी लय परते. पायान कायतरी धड घालून ये. चालतस कसा ते बगू दे." चाललो तर माघात बोलणी, नाही चाललो तर कळव्याचा एक मुलगा रांगेत उभा होता, ज्याच्या बापाचा स्वतःचा ट्रक आहे. माझ्याकडे ट्रक नाही, म्हणून निदान बूट तरी असावेत असं मला वाटलं.

आपल्याकडची थंडी म्हणजे काय, हे तुम्ही इतकी वर्षं उत्तरेत राहून विसरलात. अंगणातली खाट घरात घेतली की आपला हिवाळा सुरू होतो आणि खाट पुन्हा बाहेर काढली की संपतो. मधल्या काळात लोक कानाला मफलर गुंडाळतात आणि खाली पाय उघडे टाकून हिंडतात. पण सासरा होऊ घातलेला माणूस थंडी आहे म्हणतो तेव्हा जावई होऊ घातलेल्या माणसाला हुडहुडी भरावीच लागते. त्यात तुमचं पत्र आलं. बर्फात पायाची बोटं काळी पडून गळलेल्या जवानाची हकीकत वाचून आईनं माझी बोटं मोजून घेतली.

मग कल्याण कॅम्पातल्या बाजारात गेलो. लढाईनंतर लष्करानं काढून टाकलेला माल तिथे अजून मिळतो: जेवणाचे डबे, मच्छरदाण्या, एक बाही नसलेले ओव्हरकोट. दुकानदार मोठा बोलका आणि त्याहून सहनशील निघाला. त्यानं तीन जोड मांडले आणि मी तुमचं पत्र उघडून एकेकाची परीक्षा घेतली. पहिले रबरी गमबूट होते. तुम्ही लिहिलं होतं, नुसत्या रबरात ऊब राहत नाही, सबब नापास. दुसरे वैमानिकाचे होते. आतून लोकर, बाजूला चेन, एका झटक्यात घाला, एका झटक्यात काढा. ते मला मनापासून आवडले होते. पण तिसऱ्या पानावर तुम्ही खाली रेघ मारून लिहिलं होतं, 'चेनवर भरवसा ठेवू नये, गारठ्यात अडकते.' (मामा, ही रेघ मी मरेपर्यंत विसरणार नाही.) उरले तिसरे. जाड चामडं, आत बोटभर जाड नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं अस्तर, उंची गुडघ्याखालपर्यंत, आणि तिथपर्यंत दोरी ओवायला इतकी भोकं की बूट आहे की बाजेची वीण, कळेना. बूट एक बोट मोठा घ्यावा, आत लोकरीचे दोन मोजे घालावेत, दोरी घोट्याशी घट्ट आवळावी म्हणजे टाच उचलत नाही, हे सगळं तंतोतंत पाळलं. दुकानदारानं माझी खात्री पटावी म्हणून बुटात तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. एक थेंब गळला नाही. बाहेरचं पाणी आत येणार नाही, असं तो म्हणाला. आतलं पाणी बाहेर जाणार नाही, हे तो म्हणाला नाही आणि तुमच्या पाच पानांतही कुठे आलेलं नाही.

घरी आईनं ते चामडं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. तेव्हा बूट पडवीत खुंटीला टांगले. शेजारच्या विमलाबाईंनी येऊन विचारलं, राघो बँडमध्ये लागला का? मी लक्ष दिलं नाही. शिकारीच्या दिवशी पहाटे पडवीत बसून ते चढवले, उभा राहिलो आणि एकदम दोन बोटं उंच झालो. खरं सांगतो, त्या वेळी मला कळव्याच्या ट्रकाची कीव आली.

खडवलीला उतरेपर्यंत उजाडलं होतं. धाकूशेठ, त्यांचे भाऊबंद आणि हाकारे करायला आलेली गावची माणसं स्टेशनाबाहेर शेकोटीभोवती बसली होती. सगळ्यांच्या पायांत चपला. धाकूशेठनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं आणि खाली आल्यावर नजर तिथेच ठेवली. "यो बूट हाय का पेटारा रं?" मी म्हणालो, माझे मामा फौजेत आहेत, त्यांनी निवडायला शिकवलं. (तुमचं नाव मी किती आदरानं घेतलं पाहा.) फौज म्हटल्यावर त्यांनी बंदूक खांद्यावर टाकली. आम्ही निघालो. पहिला मैल झकास गेला. गवतावर दव होतं, बाकीच्यांचे पाय भिजले, माझे कोरडे. दुसऱ्या मैलात ऊन वर आलं आणि माझे पाय आतल्या आत शिजायला लागले. दर पावलाला आतून चुबुक चुबुक आवाज येत होता. शिकारीत आवाज करू नये, म्हणून मी श्वास रोखून चाललो. त्यानं पायांचा आवाज थांबला नाही, फक्त चक्कर यायला लागली.

आणि मग वाघोबा आला. म्हणजे खरा वाघ नव्हे, रानाच्या तोंडाशी उंबराखाली शेंदूर लावलेला दगड आहे तो. शिकारीला जाणाऱ्यानं आधी त्याच्या पाया पडायचं, बंदुका त्याच्यापुढे ठेवायच्या, नारळ फोडायचा आणि मगच रानात पाऊल टाकायचं. टोळीतला एकही माणूस बाहेर राहिला तर नारळ फुटत नाही, आणि नारळ फुटल्याशिवाय बंदूक उचलायची नाही. आणि पाया पडायचं ते अर्थात पायातलं चामडं काढून. सगळ्यांनी चपला झटकल्या आणि आत गेले. मी खाली बसलो, दोरीला हात घातला आणि माझी पाचावर धारण बसली. मामा, तुम्ही बर्फाचा विचार केलात, काट्यांचा केलात, विंचवाचा केलात. पण आपल्या देशात माणसाला पायताण घालण्यापेक्षा काढावं जास्त लागतं, हे तुम्हालाही सुचलं नाही आणि मलाही!

दवानं गाठी बसल्या होत्या. कोणीतरी कोयत्यानं दोरी कापली, तरी बूट जागचे हलेनात, कारण आत पाय फुगून टरटरीत झाले होते. मी म्हणालो, मी बाहेरूनच हात जोडतो. धाकूशेठ म्हणाले, चालायचं नाही. मग दोघांनी एक बूट धरला, दोघांनी दुसरा, मी उंबराला मिठी मारली आणि ओढाओढ सुरू झाली. शेवटी धाकूशेठनी स्वतः धोतर खोचलं आणि माझी टाच छातीशी धरली. नेमकी तेव्हा डुकरं आली. हाकारे नाहीत, आरोळ्या नाहीत, आपल्या पायांनी आली. पुढे सुळेवाला मोठा नर, मागे मादी, तिच्यामागे पिल्लांची रांग. आमच्यासमोरून निवांत ओढ्याकडे गेली. एक पिल्लू तर थांबून आमचा कार्यक्रम बघत राहिलं, त्याच्या आईला परत येऊन त्याला न्यावं लागलं. बंदुका देवापुढे आणि नारळ अखंड. धाकूशेठनी बंदुकीकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं, हातातल्या टाचेकडे पाहिलं, आणि ती हळूच खाली ठेवली. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

परत मळ्यावरच्या घरी आलो. सगुणाच्या आई गोदूबाईंनी डुकराच्या मटणासाठी सकाळीच वाटण वाटून ठेवलं होतं, त्यात त्यांनी निमूटपणे वांगी शिजवली. जमीन ताजी सारवलेली, चामड्याला आत जागा नाही. बाकी पंगत आत आणि मी अंगणात तांदळाची भाकरी घेऊन, बुटांसकट. दोन कोंबड्या माझ्या पत्रावळीत जेवल्या. आतून हसण्याचा आवाज आला की मला वाटे, झालं, कळव्याचा ट्रक निघाला. इतक्यात सगुणा खोबरेलाची बुधली घेऊन बाहेर आली. कोणाला काही विचारलं नाही, बुटांच्या तोंडातून तेल ओतलं, म्हणाली, "बोटा हलवत रव," आणि ओढलं. बूट सुटला तशी ती बूट मांडीवर घेऊन मागे आपटली, आणि माझ्या पायातून भाताच्या पातेल्यासारखी वाफ निघाली. ती इतकी हसली की तिला डोळ्यांना पदर लावावा लागला. मग मीही हसलो. मामा, उभ्या दिवसात मला तेवढीच वेळ सुखाची गेली, आणि तेवढ्यासाठी मी ते बूट पुन्हा घालीन.

बूट तिथेच कुंपणावर निथळत ठेवून मी धाकूशेठच्या जुन्या चपला घालून घरी आलो. निघताना ते एवढंच म्हणाले, "मागशी कलवतू." मागाहून म्हणजे कधी, ते नाही सांगितलं. पौष संपला, माघ लागला, निरोप नाही. कळव्याच्या मुलाचा बाप परवा माजिवड्याला दिसला, असं ऐकतो. मला जेवण जात नाही. हे स्थळ हातचं गेलं तर मी दुसरं बघणार नाही, असं आईला सांगून टाकलं आहे, आणि तो सगळा राग ती तुमच्या नमद्याच्या अस्तरावर काढते आहे. असो. मामींना नमस्कार, मुलांना पापे. तुमच्या सल्ल्यानं चालून लंगडा झालेला, तरीही तुमचाच,

राघो

ता. क. पाकीट चिकटवतच होतो, तेवढ्यात माजिवड्याहून निरोप आला. धाकूशेठना स्थळ पसंत आहे! म्हणतात, डुकरं नाकासमोरून गेली तरी पोरानं चामडं घालून देवापुढे पाऊल टाकलं नाही, असा श्रद्धाळू जावई आजकाल मिळत नाही. चौघांनी माझे पाय धरून ठेवले होते, ही गोष्ट त्यांच्या लक्षात राहिलेली दिसत नाही. मीही आठवण करून देणार नाही.

ता. क. दुसरा. पसंती आहे, पण अट आहे. असले बूट निवडायला सांगणारा मामा खरोखर आहे, यावर धाकूशेठचा विश्वास नाही. पोरगा आपली अक्कल मामाच्या नावावर खपवतो, असं त्यांचं मत. तेव्हा साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मामांनी जातीनं यावं, तेच बूट चढवून खडवली स्टेशनापासून वाघोबापर्यंत चालून दाखवावं आणि तिथे आपल्या हातांनी काढावेत. निघाले तर तिथल्या तिथे तारीख, नाही निघाले तर कळव्याचा ट्रक. खरं म्हणजे हे पत्र एवढ्यासाठीच समजा. रजा काढा आणि या.

ता. क. तिसरा, आणि हा वाचून ताबडतोब चुलीत टाका. सगुणाची चुलती शेवंती आत्ता येऊन गेली. सगुणानं दोन्ही बुटांची मागची शिवण आतून उसवून ठेवली आहे आणि वरून काळं मेण फासलं आहे, बापाला पत्ता नाही. तुम्ही नुसता हात लावलात की निघतील. मात्र चालताना टाच आपटू नका, नाहीतर वाघोबा यायच्या आधीच निघतील. मामा, माझ्यासाठी ही मुलगी आपल्या बापाच्या डोळ्यांत धूळ टाकायला निघाली आहे. मला आनंदानं रडू येतंय आणि थोडी भीतीही वाटते आहे. साहेबाला रजेचं कारण काय वाटेल ते सांगा. भाचा वारला म्हणालात तरी माझी हरकत नाही, फक्त बढती होईपर्यंत लग्नपत्रिका त्याच्या हाती लागू देऊ नका.